पीसीओएसच्या रक्तचाचण्या: पॅकेजमधल्या वीस आकड्यांपैकी कामाचे किती?

मृगजळ
पाळी लांबते, चेहऱ्यावर केस दिसतात, आणि पुढची पायरी म्हणून 'पीसीओएस (बीजकोश आणि हार्मोनांचा विकार) प्रोफाइल' नावाचं भलंमोठं पॅकेज हातात पडतं. रिपोर्ट येतो तेव्हा पाच-सहा आकडे लाल असतात आणि त्यांचा एकमेकांशी काय संबंध हे कुणीच सांगत नाही. चर्चेसाठी एक कल्पित रिपोर्ट देते, वय २६ धरा:

टोटल टेस्टोस्टेरॉन ४८ नॅनोग्रॅम/डेसिलिटर, एसएचबीजी (टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन) १८ नॅनोमोल/लिटर, एलएच ११.२, एफएसएच ५.१ (दोन्ही बीजकोशांना हुकूम देणारी हार्मोनं), एएमएच (बीजकोशांचं हार्मोन) ८.४ नॅनोग्रॅम/मिली, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) ३१ नॅनोग्रॅम/मिली, टीएसएच (थायरॉइडची चाचणी) २.६, उपाशीपोटी साखर ९४, उपाशीपोटी इन्सुलिन १९.

प्रश्न सरळ आहेत. यातल्या कोणत्या आकड्यावरून निदान होतं? कोणते नुसते भरतीचे? आणि रक्त कधी, कसं दिलं म्हणजे आकड्यावर विश्वास ठेवता येईल? जाणकारांनी लिहावं. 'पीसीओएस कसा बरा होतो' हा वेगळा विषय आहे, इथे नको.

टवाळखोर
वीस चाचण्या केल्या की एखादा आकडा लाल येणारच. संदर्भमर्यादा अशी आखतात की निरोगी माणसांतले ९५% आत बसावेत. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या धरल्या तर ठणठणीत माणसाचा किमान एक आकडा बाहेर पडण्याची शक्यता ६४% येते. त्यामुळे पॅकेज जितकं मोठं, तितकी लाल शाई जास्त.

स्थितप्रज्ञ
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: एकाही आकड्यावरून नाही. २००३ च्या रॉटरडॅम निकषांप्रमाणे तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित पाळी किंवा बीजनिर्मिती न होणं, अँड्रोजेन (टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हार्मोनं) वाढल्याची लक्षणं किंवा रक्तातला पुरावा, आणि सोनोग्राफीत बीजकोशांचं ठरावीक रूप. शिवाय तसंच दिसणारे बाकीचे आजार वगळावे लागतात.

२०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत हे पायऱ्यांनी मांडलं आहे, आणि त्या पायऱ्या वाचल्या की पॅकेजचा अर्धा भाग गळून पडतो. पाळी अनियमित आहे आणि अंगावर पुरुषी ठेवणीचे दाट केस आहेत? मग इतर आजार वगळले की निदान झालं, त्यासाठी टेस्टोस्टेरॉनचा आकडा लागत नाही. केस वगैरे काही नाहीत? तेव्हा रक्तातले अँड्रोजेन तपासा. तेही नॉर्मल, किंवा दोन्हींपैकी एकच गोष्ट हाती आहे? मग सोनोग्राफी किंवा एएमएच.

म्हणजे वगळण्याच्या चाचण्या (टीएसएच, प्रोलॅक्टिन, १७-ओएचपी, आणि गरजेप्रमाणे एफएसएच) सगळ्यांना, बाकीच्या पायरी आली तरच.

वसुधा_का
आणि या सगळ्याच्या आधी गरोदरपणाची चाचणी. पाळी चुकली म्हणून साडेतीन पानी हार्मोन रिपोर्ट काढायचा आणि बीटा-एचसीजीच विसरायचं, हे हमखास घडतं.

पिंपळपान
वसुधाताईंना +१.

'अनियमित' म्हणजे काय तेही लिहून ठेवू. पहिली पाळी येऊन ३ वर्षं उलटल्यावर २१ दिवसांपेक्षा लहान किंवा ३५ दिवसांपेक्षा मोठं चक्र, किंवा वर्षाला ८ पेक्षा कमी पाळ्या. पहिल्या १ ते ३ वर्षांत ४५ दिवसांपर्यंत चालतं. पहिल्या वर्षात अनियमितपणा हाच नियम, त्या वयात निदानाची घाई नको.

नीरक्षीर
लॅबच्या बाजूने टेस्टोस्टेरॉनबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे.

बायकांमध्ये टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या साधारण दहाव्या हिश्शाहूनही कमी असतं. बहुतेक ऑटोमॅटिक मशीनवरची इम्युनोअसे (अँटीबॉडी वापरून मोजण्याची) पद्धत पुरुषांच्या पातळीला ठीक चालते, पण इतक्या खाली ती डळमळते. डीएचईएएससारखे (मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीचं अँड्रोजेन) जवळच्या ठेवणीचे रेणू काही किटमध्ये टेस्टोस्टेरॉन म्हणून मोजले जातात. पाळी आणण्यासाठी दिलेल्या नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या चालू असतील तर काही किटवर आकडा खोटाच चढतो. त्यामुळे शक्य असेल तिथे मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रिपोर्टवर 'एलसी-एमएस/एमएस' असं असतं) मोजलेलं टेस्टोस्टेरॉन घ्यावं. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात पद्धत लिहिलेली असते, आकड्याआधी ती ओळ वाचा.

'फ्री टेस्टोस्टेरॉन' (प्रथिनांना न चिकटलेलं, मोकळं) नावाखाली थेट किटने मोजलेला आकडा मिळतो, तो या कामाला जवळजवळ निरुपयोगी. टोटल टेस्टोस्टेरॉन आणि एसएचबीजी मोजून गणिताने काढलेलं फ्री टेस्टोस्टेरॉन जास्त भरवशाचं. त्याहून सोपा हिशेब म्हणजे फ्री अँड्रोजेन इंडेक्स. टोटल टेस्टोस्टेरॉन नॅनोमोलमध्ये आणा (नॅनोग्रॅम/डेसिलिटरला ०.०३४७ ने गुणा), १०० ने गुणा आणि एसएचबीजीने भागा.

धाग्यातला रिपोर्ट: ४८ × ०.०३४७ = १.६७. १६७ भागिले १८ = ९.३. बऱ्याच लॅब ५ च्या आसपास वरची मर्यादा धरतात, म्हणजे हा स्पष्ट वाढलेला. आता एसएचबीजी १८ ऐवजी ६० असता तर? तेच टेस्टोस्टेरॉन, आणि इंडेक्स २.८. टोटलचा आकडा दोन्हीकडे ४८, तोही बऱ्याच लॅबच्या मर्यादेच्या उंबरठ्यावरचा. खरी गोष्ट एसएचबीजी सांगतंय.

काजवा
मग एसएचबीजी इतकं खाली का जातं? टेस्टोस्टेरॉनमुळेच ना?

नीरक्षीर
थोडं त्यामुळे, पण मोठा वाटा इन्सुलिनचा. एसएचबीजी यकृतात बनतं आणि रक्तात इन्सुलिन जास्त असलं की यकृत ते कमी बनवतं. लठ्ठपणा आणि थायरॉइड कमी असणं यांनीही ते उतरतं. उलट इस्ट्रोजेनच्या गोळ्या, गरोदरपण, थायरॉइड जास्त असणं आणि सिरोसिस यांनी चढतं. त्यामुळे एसएचबीजी एकटं वाचायचं नाही, शेजारी टीएसएच हवंच.

शेवंती
गर्भनिरोधक गोळ्यांचा मुद्दा ठळक करा. इस्ट्रोजेन असलेली गोळी चालू असताना एसएचबीजी चढतं, एलएच-एफएसएच दबतात, बीजकोशातून येणारं टेस्टोस्टेरॉन उतरतं, एएमएचही काहीसं खाली येतं. गोळीवर असताना काढलेला 'सगळं नॉर्मल' रिपोर्ट गोळी काम करतेय एवढंच सांगतो. अँड्रोजेन तपासायचेच असतील तर गोळी थांबवून किमान ३ महिने जाऊ द्यावे लागतात, आणि त्या काळात गर्भनिरोधनाची दुसरी सोय आधी लावावी लागते. हे दुसरं वाक्य चिठ्ठीवर कुणी लिहीत नाही.

मृगजळ
म्हणजे वरच्या रिपोर्टसोबत चालू औषधांची यादी नसेल तर तो वाचूच नये?

शेवंती
चालू औषधं, पाळीचा दिवस, रक्त घेतल्याची वेळ. तिन्ही नसतील तर वाचणारा अंदाजच बांधतो.

पिंपळपान
औषधांच्या यादीत एक गोष्ट कुणीच लिहीत नाही, कारण तिला कुणी औषध मानत नाही: केसांसाठीच्या बायोटिनच्या (एक बी-जीवनसत्त्व) गोळ्या. पीसीओएसमध्ये डोक्यावरचे केस विरळ होतात, म्हणून याच गटात त्या सर्रास घेतल्या जातात. शरीराची दिवसाची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास, आणि गोळीत ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम.

बऱ्याच किटमध्ये बायोटिन आणि त्याला घट्ट धरणारं प्रथिन स्ट्रेप्टाव्हिडिन यांची पकड वापरून मोजणी होते. रक्तातच बायोटिन भरपूर असलं की ती पकड फसते. सँडविच पद्धतीच्या चाचण्या (टीएसएच, एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन) खोट्या कमी येतात, आणि स्पर्धात्मक पद्धतीच्या (टेस्टोस्टेरॉन, डीएचईएएस, थायरॉइडचं फ्री टी४) खोट्या जास्त. परिणाम? टेस्टोस्टेरॉन वाढलेलं, टीएसएच दबलेलं, आणि समोरच्या व्यक्तीत दोन्हींचं एकही लक्षण नाही. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. सगळ्याच मशीनवर हे होत नाही, पण कोणतं मशीन आहे हे रुग्णाला कळणार कसं? रक्त देण्याआधी २-३ दिवस गोळी बंद ठेवा, डोस खूप मोठा असेल तर लॅबला विचारून आणखी लांबवा.

टवाळखोर
केस गळतात म्हणून गोळी, गोळीमुळे टेस्टोस्टेरॉन जास्त, टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून केस गळतात असं निदान. वर्तुळ पूर्ण. 😄

काजवा
एलएच-एफएसएचचं कुणी बोललंच नाही. २:१ पेक्षा जास्त म्हणजे पीसीओएस असंच सगळीकडे वाचलंय. रिपोर्टमध्ये २.२ आहे.

स्थितप्रज्ञ
ते प्रमाण निदानाच्या निकषांत नाही. मागचं शरीरशास्त्र खरं आहे: मेंदूतून जीएनआरएचचे (एलएच-एफएसएच सोडायला लावणारं हार्मोन) ठोके जलद पडतात, जलद ठोक्यांना एलएच जास्त प्रतिसाद देतं आणि एफएसएच मागे राहतं. पण एलएच स्वतःच ठोक्याठोक्याने सुटतं, त्यामुळे तासाभराच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत प्रमाण बदलू शकतं. लठ्ठ व्यक्तींमध्ये एलएच तुलनेने कमी दिसतं, म्हणजे पीसीओएस असूनही प्रमाण नॉर्मल. आणि बीज सुटण्याच्या आधी एलएच उसळतं तेव्हा कुणाचंही प्रमाण उलटंपालटं होतं.

एफएसएचचा खरा उपयोग वेगळा. पाळी महिनोन्‌महिने नाही आणि एफएसएच चढलेलं, इस्ट्राडिऑल (मुख्य इस्ट्रोजेन) खाली, तर प्रश्न बीजकोश अकाली थकल्याचा आहे. तिथे पीसीओएसचा शिक्का मारला तर नुकसान होतं.

वसुधा_का
प्रमाण निकषांत नाही हे मान्य, पण सडपातळ मुलीत पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या नमुन्यात ते ३ च्या वर असेल तर मी तरी सरळ दुर्लक्ष करणार नाही. इशारा म्हणून ठेवते.

स्थितप्रज्ञ
इशारा म्हणून ठेवा, निदानाच्या ओळीत लिहू नका. एवढंच म्हणणं.

नीरक्षीर
प्रोलॅक्टिन ३१ बद्दल. वरची मर्यादा बहुतेक लॅबमध्ये २५ च्या आसपास. इतकी किरकोळ वाढ दिसली की लगेच मेंदूचा एमआरआय सुचवू नये. झोपेतून उठल्यावर पहिले काही तास प्रोलॅक्टिन चढलेलं असतं, सुई टोचण्याच्या ताणाने चढतं, जिना धावत चढून आलात तरी चढतं. डॉम्पेरिडोन, मेटोक्लोप्रामाइड (उलटीवरची) आणि रिस्पेरिडोन (मानसिक आजारावरचं) या औषधांनी तर चांगलंच चढतं. थायरॉइड कमी असेल तरी चढतं.

पुन्हा तपासताना असं करावं: उठून २-३ तास झालेले असावेत, लॅबमध्ये अर्धा तास शांत बसवावं, आणि शिर सापडत नाही म्हणून चार ठिकाणी टोचलं असेल तर तशी नोंद करावी. तरीही जास्त आलं आणि लक्षण काहीच नाही, तर मॅक्रोप्रोलॅक्टिन तपासायला सांगावं. प्रोलॅक्टिन अँटीबॉडीला चिकटून मोठा गोळा बनतो, तो रक्तात साठतो पण काम जवळपास करत नाही. लॅबमध्ये पीईजी नावाचं रसायन घालून तो गोळा खाली बसवतात आणि वरच्या द्रवात उरलेलं मोजतात.

काजवा
वाचनखूण साठवली. १७-ओएचपी कशासाठी ते कळेल का? पॅकेजमध्ये बहुतेक वेळा नसतंच.

पिंपळपान
हीच गंमत. व्हिटॅमिन डी असतं आणि १७-ओएचपी नसतं.

अधिवृक्क ग्रंथीचा एक जन्मजात आजार आहे, २१-हायड्रॉक्सिलेज या एन्झाइमची कमतरता. त्याचा सौम्य, उशिरा दिसणारा प्रकार हुबेहूब पीसीओएससारखा दिसतो: केस, मुरुमं, लांबलेली पाळी. एन्झाइम अपुरं पडलं की त्याच्या आधीचा पदार्थ, म्हणजे १७-ओएचपी, साठतो. सकाळी ८ च्या सुमारास, पाळीच्या पहिल्या आठवड्यात घेतलेल्या नमुन्यात २०० नॅनोग्रॅम/डेसिलिटरच्या खाली असेल तर तो आजार बहुतांशी निकालात निघतो. वर असेल तर एसीटीएच (अधिवृक्क ग्रंथीला चेतवणारं हार्मोन) उत्तेजन चाचणी: २५० मायक्रोग्रॅम टोचून ६० मिनिटांनी पुन्हा रक्त. १,००० च्या वर गेलं तर निदान पक्कं होण्याच्या वाटेवर.

दोन खड्डे. एक, एकक. काही लॅब नॅनोग्रॅम/मिलीमध्ये देतात, तिथे मर्यादा २०० नसून २. १.४ पाहून 'किती कमी!' म्हणू नका, ते १४० आहे. दुसरा, दिवस. बीज सुटल्यावर बीजकोशच १७-ओएचपी बनवू लागतो, त्यामुळे २२ व्या दिवशीचा नमुना निरोगी बाईतही २०० ओलांडतो आणि नसत्या आजाराच्या मागे लावतो.

शेवंती
डीएचईएएस पण याच ओघात. ते जवळजवळ सगळं अधिवृक्क ग्रंथीतून येतं, वेळेप्रमाणे फारसं हलत नाही, वयाप्रमाणे उतरतं. पीसीओएसमध्ये थोडं वाढलेलं दिसू शकतं. ७०० मायक्रोग्रॅम/डेसिलिटरच्या वर, किंवा टोटल टेस्टोस्टेरॉन १५०-२०० नॅनोग्रॅम/डेसिलिटरच्या वर असेल तर आधी गाठ नाही ना हे बघायचं. त्यातही आकड्याइतकाच वेग महत्त्वाचा. काही महिन्यांत आवाज घोगरा झाला, टक्कल पडू लागलं, केस झपाट्याने वाढले, तर आकडा मर्यादेच्या जरा खाली आहे म्हणून थांबायचं नाही. जांभळे रुंद व्रण, सहज पडणारे काळेनिळे डाग, मांड्यांची ताकद जाणं असं काही असेल तर कुशिंगसाठी (कॉर्टिसॉल जास्त असण्याचा आजार) डेक्सामेथासोन चाचणी. नसेल तर ती उगाच करू नये.

मृगजळ
एएमएच ८.४ राहिलं. आणि इन्सुलिन.

स्थितप्रज्ञ
एएमएच बीजकोशातल्या लहान लहान पुटकांच्या (बीज वाढतं त्या पिशव्यांच्या) पेशी बनवतात. पुटकं जास्त तर एएमएच जास्त. म्हणून २०२३ पासून प्रौढांमध्ये सोनोग्राफीच्या *ऐवजी* ते चालतं. ऐवजी हा शब्द महत्त्वाचा: सोनोग्राफी एक गुण आणि एएमएच दुसरा गुण अशी बेरीज करायची नाही, दोन्ही मिळून एकच निकष. किशोरवयात वापरायचं नाही, कारण त्या वयात ते तसंही जास्त असतं.

वसुधा_का
पण कितीच्या वर? ४? ५? प्रत्येक किटचा आकडा वेगळा, वयानुसार वेगळा. सगळ्यांना लागू अशी एक रेषा नाही. काही लॅब पिकोमोल/लिटर देतात, तिथे ८.४ चे ६० होतात आणि लोक घाबरतात (७.१४ ने गुणायचं). माझ्या मते चांगली सोनोग्राफी होत असेल तर एएमएचची गरज नाही.

स्थितप्रज्ञ
चांगली सोनोग्राफी म्हणजे योनीमार्गे, नव्या मशीनवर, पुटकं मोजणारी. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत पुटकं नीट मोजताच येत नाहीत, त्यातून योनीमार्गे तपासणी अनेकींना नको असते. तिथे एएमएच सोयीचं. रेषेचा मुद्दा मात्र बरोबर आहे: त्या लॅबने, त्या किटसाठी, त्या वयासाठी दिलेली मर्यादाच बघायची.

पिंपळपान
इन्सुलिनवर भांडण होणार हे गृहीत धरून लिहितो. धाग्यातले आकडे घेऊन होमा-आयआर (शरीर इन्सुलिनला किती कमी दाद देतं याचा अंदाज): ९४ × १९ = १,७८६, भागिले ४०५ = ४.४. वाढलेलं आहे. पण मार्गदर्शक सूचना रोजच्या कामात हे मोजायला सांगत नाहीत. इन्सुलिनच्या किटमध्ये एकवाक्यता नाही, मर्यादा ठरलेली नाही, आणि नमुना नाजूक: रक्तपेशी फुटल्या (सीरम गुलाबी-लालसर दिसतं) तर त्यातलं एन्झाइम इन्सुलिन खाऊन टाकतं आणि आकडा खोटा कमी येतो.

त्याऐवजी ७५ ग्रॅमची ग्लुकोज सहनशीलता चाचणी करावी. आधीचे ३ दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, नाहीतर साखर खोटी चढते. रात्रभर ८ तासांहून जास्त उपास. पहिला नमुना, मग २५०-३०० मिली पाण्यात विरघळवलेलं ग्लुकोज ५ मिनिटांत प्यायचं. घड्याळ पहिल्या घोटापासून सुरू, शेवटच्या नाही. दोन तास बसून राहायचं, फेऱ्या मारायच्या नाहीत. उलटी झाली तर चाचणी रद्द. दोन तासांनी १४० ते १९९ म्हणजे सहनशीलता बिघडलेली, २०० किंवा वर म्हणजे मधुमेहाच्या पातळीत.

काजवा
एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर) नाही का चालणार? दोन तास बसायला नको.

पिंपळपान
उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी दोन्ही नॉर्मल असून दोन तासांची बिघडलेली, असं पीसीओएसमध्ये बऱ्याचदा सापडतं. शिवाय लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी खोटं चढतं, आणि पाळीचा रक्तस्राव जास्त असणाऱ्यांत लोह कमी असणं काही नवल नाही. चाचणी शक्यच नसेल तर एचबीए१सी किंवा उपाशीपोटीची साखर, पण दुसरा पर्याय म्हणूनच.

वसुधा_का
माझा इन्सुलिनला अजूनही पाठिंबा. सडपातळ मुलीत साखर सगळी नॉर्मल असते आणि १९ चा आकडा दिसला की तिला स्वतःला पटतं.

पिंपळपान
पटवण्यासाठी मानेवरचा काळसर मखमली पट्टा आणि कमरेचा घेर आहेत, त्यांना सुई लागत नाही. एकमत होणार नाही, पुढे जाऊ.

टवाळखोर
अवांतर: मेटफॉर्मिन (मधुमेहावरचं औषध, पीसीओएसमध्येही देतात) काही वर्षं चालू असेल तर बी१२ बघा. पॅकेजमध्ये असलं तर या एका ठिकाणी त्याचं सार्थक.

काजवा
मूळ प्रश्नातला 'कधी' मात्र अर्धाच राहिला. २ ते ५ दिवस सगळे म्हणतात. चार-चार महिने पाळीच येत नसेल तर दुसरा दिवस आणायचा कुठून?

नीरक्षीर
दोन मार्ग. एक, गरोदरपण नाही याची खात्री करून डॉक्टर प्रोजेस्टेरॉन गटातली गोळी काही दिवस देतात, ती थांबल्यावर रक्तस्राव येतो आणि तिथून दिवस मोजतात. दुसरा, वाट न पाहता कोणत्याही सकाळी रक्त घ्या आणि त्याच नमुन्यात प्रोजेस्टेरॉन मोजा. ते १ नॅनोग्रॅम/मिलीच्या आसपास किंवा खाली असेल तर बीज सुटल्यानंतरचा काळ नाही, म्हणजे १७-ओएचपी आणि बाकीचे आकडे वाचता येतात. ३ च्या वर असेल तर बीज नुकतंच सुटलंय. थोडं थांबा, पाळी येईल. पहिल्या मार्गात नॉरएथिस्टेरॉन द्यायचं असेल तर टेस्टोस्टेरॉनचं रक्त गोळी सुरू करण्याआधीच काढून घ्या, कारण वर लिहिलंच आहे.

टीएसएच, साखर, लिपिड आणि एसएचबीजीला पाळीचा दिवस लागत नाही.

मृगजळ
हे फार कामाचं. शेवटचं: निदान झाल्यावर यातलं पुन्हा पुन्हा काय करायचं? दर सहा महिन्यांनी अख्खं पॅकेज करणारे आहेत.

शेवंती
साखरेची चाचणी दर १ ते ३ वर्षांनी, वजन आणि घरातला मधुमेह बघून. गर्भधारणेचा विचार असेल तर त्याआधी. लिपिड निदानाच्या वेळी, पुढे धोक्याप्रमाणे. रक्तदाब दरवर्षी. टेस्टोस्टेरॉन लक्षणं अचानक वाढली तरच. एएमएच, एलएच, एफएसएच पुन्हा करून उपचारात काही बदलत नाही.